कपाटाच्या दारामागचा कागद

आमच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने एक कागद चिकटवलेला आहे. वहीचं साधं रेघांचं पान. डावीकडे तारीख, मधे वस्तूचं नाव, उजवीकडे किंमत. घरात कोणालाही काही घ्यावंसं वाटलं की ते आधी या कागदावर येतं आणि महिनाभर तिथेच राहतं. महिना उलटल्यावरही हवंसं वाटलं तर घ्यायचं. किराणा, भाजी, औषधं, मुलाची पुस्तकं यांना हा नियम नाही. बाकी सगळ्याला आहे.

कागद लावला तेव्हा एवढंच वाटलं होतं की चार पैसे वाचतील. ते वाचलेही. पण वर्षभराने जुने कागद एकत्र काढून बघितले तेव्हा वेगळंच काही दिसलं. एकूण ४३ नोंदी होत्या आणि त्यातल्या ३१ खोडलेल्या होत्या. एअर फ्रायर, ज्यूसर, तिसरी प्रवासी बॅग, बाल्कनीत टांगायचा वेताचा झोपाळा. झोपाळ्यापाशी मी थबकले. अक्षर माझंच होतं. त्या झोपाळ्याचे रंग बघत मी दोन रात्री मोबाइल घेऊन जागले होते, हेही आठवलं. पण तो नकोसा कधी झाला, ते काही केल्या आठवेना. मन मारलं नव्हतं, कोणी नाही म्हटलं नव्हतं. इच्छा आली होती तशी निघून गेली होती.

इतकी तीव्र इच्छा अशी मागमूस न ठेवता कशी जाते, हा प्रश्न मला काही सुटेना. मग मी वाचू लागले.

मिशिगन विद्यापीठातले मेंदूशास्त्रज्ञ केंट बेरिज यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस उंदरांवर काही प्रयोग केले. मेंदूतलं डोपामिन म्हणजे सुखाचं रसायन, असा तेव्हा सर्वसाधारण समज होता. बेरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन जवळजवळ नाहीसं केलं. हे उंदीर समोर ठेवलेलं खाणंही खाईनात. नळीने भरवावं लागे, नाहीतर ते उपाशी मेले असते. पण त्यांच्या तोंडात साखरेचं पाणी सोडलं की ते इतर उंदरांसारखेच मिटक्या मारत. म्हणजे गोडी शाबूत होती, नाहीशी झाली होती ती ओढ. हवंसं वाटणं आणि आवडणं ही मेंदूची दोन वेगवेगळी कामं आहेत आणि डोपामिनचा संबंध मुख्यतः पहिल्याशी आहे, असं बेरिज यांनी यावरून मांडलं. माणसांच्या बाबतीतही हा भेद लागू पडतो, असं पुढच्या संशोधनातून दिसत गेलं. एखादी गोष्ट आपल्याला भयंकर हवी असू शकते आणि मिळाल्यावर तिच्यात फारसं सुख नसूही शकतं.

मराठी बोलणाऱ्या माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. आपण म्हणतो, हाव सुटते आणि जीव जडतो. पहिली अंगावर धावून येते, दुसऱ्याला वेळ लागतो. माझी झोपाळ्याची हाव होती. त्याच्यावर जीव जडायला मी त्यावर कधी बसलेही नव्हते.

बाजार उभा असतो तो हावेवर. मोबाइलच्या पडद्यावर ‘फक्त २ शिल्लक’ असं लाल अक्षरांत दिसतं, सेल रात्री बाराला संपणार असतो, उलटे पळणारे सेकंद समोर असतात. वस्तू चांगली आहे की नाही याच्याशी यातल्या कशाचाही संबंध नाही. थांबलं की हाव ओसरते हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं, म्हणून त्याची सगळी धडपड आपल्याला थांबू न देण्याची असते.

बरं, घेतली वस्तू. पुढे काय? १९७८ मध्ये फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत मोठी लॉटरी लागलेल्या २२ जणांना त्यांच्या सुखाबद्दल विचारलं आणि त्यांची तुलना लॉटरी न लागलेल्या २२ जणांशी केली. दोन्ही गटांच्या सुखात म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. उलट, मित्राशी गप्पा, सकाळचा नाश्ता अशा रोजच्या गोष्टींमधला आनंद लॉटरीवाल्यांना कमी वाटत होता. नव्या वैभवाची सवय होते आणि ती सवय जुन्या लहान सुखांची चव उतरवते, असा याचा अर्थ लावला गेला. सवयीचा भाग आपण घरोघरी बघतो. नवा टीव्ही भिंतीवर लागतो, आठवडाभर त्याचं कौतुक चालतं, आणि दसऱ्याला त्याला झेंडूचं फूल वाहताना तो नवा होता हे कोणाच्या ध्यानातही नसतं.

पण हा अभ्यास लहान होता, आणि तो पुढे करून ‘पैशात काय ठेवलंय’ असं गरिबाला सांगणाऱ्यांची मला चीड येते. स्वीडनमध्ये लॉटरी जिंकणाऱ्यांचा पुढे फार मोठा अभ्यास झाला आणि २०२० मध्ये तो प्रसिद्ध झाला. मोठं बक्षीस मिळालेल्यांचं आयुष्याविषयीचं समाधान कित्येक वर्षांनंतरही वाढलेलंच होतं. हे लोक बक्षिसाची रक्कम एकदम उडवून टाकत नाहीत, वर्षानुवर्षं पुरवून वापरतात, असंही तिथल्याच लॉटरीवाल्यांवरच्या संशोधनात आढळलं होतं. माझ्या मनात हे दोन अभ्यास एकत्र बसले ते असे: गाठीला असलेला पैसा माणसाला निर्धास्त करतो आणि त्या निर्धास्तपणाची सवय होऊन तो विटत नाही. विटतात त्या वस्तू. मग निर्धास्तपणा देऊन वस्तू घेणं हा आतबट्ट्याचा व्यवहार झाला.

एक वस्तू एकटी येत नाही, ही आणखी एक गोष्ट. फ्रेंच लेखक देनी दिदेरो याने १७६९ मध्ये आपल्या जुन्या झग्याच्या आठवणीने हळहळत एक लेख लिहिला. घरात घालायचा एक नवा, उंची, लाल झगा त्याच्याकडे आला होता. तो अंगावर चढवला आणि भोवतालची खोली त्याला एकाएकी दरिद्री दिसू लागली. गवती बैठकीची खुर्ची गेली, तिच्या जागी चामड्याची आली. लाकडी टेबल गेलं, भिंतीवरची साधी चित्रं गेली. जुन्या झग्याच्या टोकाला तो खुशाल लेखणी पुसायचा, पुस्तकावरची धूळ झाडायचा. नव्याला मात्र जपावं लागे. जुन्या झग्याचा मी धनी होतो, नव्याचा गुलाम झालो, अशा अर्थाचं तो लिहितो. मानववंशशास्त्रज्ञ ग्रँट मॅक्रॅकन यांनी १९८८ मध्ये खरेदीच्या या साखळीला दिदेरोचंच नाव दिलं.

आमच्याकडे हा झगा सोफ्याच्या रूपाने आला. सोफा आला तसे पडदे विटके दिसायला लागले. पडद्यांनंतर भिंतींचा रंग, आणि रंगानंतर सासूबाईंची लोखंडी कॉट, जिच्यावर बसून त्या तीस वर्षं भाजी निवडत आल्या होत्या. कॉट काढायचा विषय निघाला तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. निवडायची मेथी घेऊन गुपचूप जमिनीवर जाऊन बसल्या. त्यांचे गुडघे दुखतात. त्या दिवशी मला स्वतःची फार लाज वाटली. कॉट अजून तिथेच आहे. कागद लावला तो त्याच आठवड्यात.

पैसे देण्याची रीत बदलली याचाही यात मोठा वाटा आहे. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये द्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी विद्यार्थ्यांकडून बास्केटबॉलच्या सामन्याच्या तिकिटांसाठी बोली लावून घेतली. सामन्याची सगळी तिकिटं आधीच संपलेली होती. काहींना रोख पैसे द्यावे लागतील असं सांगितलं, काहींना क्रेडिट कार्डाने. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात कार्डवाल्यांची सरासरी बोली रोखवाल्यांच्या सुमारे दुप्पट निघाली. तिकिटं तीच, माणसंही सारखीच. फरक एवढाच की नोटा मोजून हातातून सोडताना थोडं दुखतं आणि कार्ड पुढे करताना दुखत नाही.

आपल्याकडे यूपीआय आलं ते २०१६ मध्ये. त्याची सोय मी नाकारत नाही. भाजीवाल्या मावशींना सुट्ट्या पैशांची कटकट उरली नाही, ही मोठीच गोष्ट आहे. पण दुखणं गेलं ते गेलंच. पाकीट हलकं झाल्याचं कळत नाही आणि दहा मिनिटांत वस्तू दारात येते. हप्त्यांनी उरलेली कसर भरून काढली. ‘शून्य टक्के व्याज’ असं काही नसतं, व्याज प्रक्रिया शुल्कात किंवा नाकारलेल्या सवलतीत दडवलेलं असतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. आम्ही आता घरात हिशेब तासांत करतो. महिना तीस हजार मिळवणारा माणूस पंचवीस दिवस, रोज आठ तास राबत असेल तर त्याच्या तासाचे दीडशे रुपये होतात. साडेचार हजारांचे बूट म्हणजे तीस तास. जवळजवळ चार दिवसांचं राबणं पायात घालायचं आहे का, असा प्रश्न आला की उत्तर कधी ‘हो’ असतं, कधी ‘नाही’. पण ते उत्तर स्वतःचं असतं.

आधीच्या पिढ्यांकडे कागद नव्हता, कारण थांबणं त्यांच्या रोजच्या जगण्यातच होतं. गावाला बाजार आठवड्यातून एकदाच भरे. सोमवारी हवी वाटलेली वस्तू गुरुवारच्या बाजारापर्यंत मनातून उतरलेली असे. नवे कपडे दिवाळीला, तेही ताग्यातून एकसारखं कापड घेऊन शिंप्याकडे टाकलेले. स्कूटरसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षं वाट बघत. त्या काळाचे गोडवे मी गाणार नाही. ते थांबणं कोणी हौसेने पत्करलेलं नव्हतं. टंचाई होती, परवाने होते, बहुतेकांच्या हातात पैसाच नव्हता. माझ्या आजीला दोनच लुगडी होती, एक अंगावर आणि एक दांडीवर, आणि पावसाळ्यात दांडीवरचं वाळलं नाही तर ती ओलंच नेसायची. तिला समाधानी म्हणणं हा तिच्यावर अन्याय होईल. हाती पैसा असताना, दुकान उघडं असताना जो थांबतो, त्याच्याच थांबण्याला काटकसर म्हणावं.

तसं थांबणं बघायचं असेल तर वर्ध्याजवळ सेवाग्रामला जावं. मी ऐन मे महिन्यात गेले होते, बाहेर वैदर्भीय ऊन रणरणत होतं. १९३६ मध्ये गांधीजी इथे राहायला आले तेव्हा या गावाचं नाव शेगाव होतं. निवासासाठी आजूबाजूला मिळणारंच सामान वापरायचं आणि शंभर रुपयांवर खर्च जाऊ द्यायचा नाही, अशी त्यांची अट होती. बापूकुटीत मातीच्या भिंती, वर कौलं, जमिनीवर बैठक. आतलं सामान एका नजरेत मोजून होतं. शेजारच्या कार्यालयाच्या कुटीत टेलिफोन आहे, आणि साप धरून लांब सोडून देण्यासाठी केलेला लाकडी पिंजराही आहे. तो टेलिफोन बघून मला बरं वाटलं. वस्तूंशी वैर नाही, कामाची असेल ती ठेवली आहे. विचारवंत इव्हान इलिच १९७८ मध्ये या कुटीत येऊन बसले होते. आपली घरं माणसांपेक्षा सामान ठेवण्यासाठी बांधली जातात आणि घर म्हणजे काय ते या झोपडीत कळतं, अशा आशयाचं त्यांनी तेव्हाच्या भाषणात सांगितलं.

गांधीजींच्या पेन्सिलीची एक आठवण काका कालेलकरांनी लिहून ठेवली आहे. साताऱ्यात जन्मलेले हे मराठी लेखक पुढे गुजरातीत नावारूपाला आले. मुंबईत काँग्रेसच्या अधिवेशनाच्या धामधुमीत गांधीजी टेबलाभोवती अस्वस्थपणे काहीतरी शोधत होते. काय शोधताय, तर पेन्सिलीचा एक तुकडा. काकांनी आपली पेन्सिल पुढे केली, ती नको म्हणाले. तो तुकडा मद्रासमध्ये एका लहान मुलाने प्रेमाने दिला होता, तो हरवून कसं चालेल? शेवटी दोघांनी मिळून शोधला. दोन इंचांचाही नव्हता. ही गोष्ट मला वाचल्यापासून सोडत नाही. काटकसर म्हणजे वस्तूंविषयी कोरडेपणा, असं आपल्याला उगीच वाटतं. इथे दोन इंचांच्या पेन्सिलीवर किती जीव आहे!

कंजूष आणि काटकसरी यांच्यातला फरकही मला इथेच दिसतो. कंजुषाचा जीव पैशात असतो, म्हणून तो वस्तू खराब होऊ देईल पण दुरुस्तीला दमडी सोडणार नाही. काटकसरी माणसाचा जीव वस्तूत असतो.

गेल्या गणपतीत, मोदकांसाठी तांदूळ दळतानाच आमचा मिक्सर बंद पडला. दुकानात म्हणाले, मोटर गेली, नवाच घ्या. एका ओळखीच्यांनी पेठेतल्या गल्लीतल्या एका दुरुस्तीवाल्या काकांकडे पाठवलं. जेमतेम एक माणूस बसेल एवढी जागा. काकांनी चार स्क्रू काढले, आतून काळ्या दगडासारखे दोन तुकडे काढून माझ्या तळहातावर ठेवले. कार्बनचे ब्रश. फिरणाऱ्या मोटरला वीज पोचवण्याचं काम यांचं, आणि ती पोचवताना घासून घासून ते झिजतात. झिजायचे म्हणूनच ते बदलता येतील असे बसवलेले असतात. नवे ब्रश, थोडं वंगण, दीडशे रुपये. मिक्सर सुरू झाला तेव्हा काकांनी झाकणावर एक थाप मारली, बैलाच्या पाठीवर मारतात तशी. त्या दिवसापासून तो मिक्सर मला आमचा वाटतो. आधी तो नुसता होता.

आपल्या हातांनी केलेल्या वस्तूची किंमत आपल्याला जास्त वाटते, हे मायकल नॉर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१२च्या अभ्यासात आलं आहे. कागद दुमडून लोकांनी बेडूक आणि बगळे केले होते. वेडेवाकडेच. पण करणाऱ्यांना ते कसलेल्या कलाकाराच्या कामाइतकेच मोलाचे वाटले. आजीची वाकळ आठवली की मला याचं नवल वाटत नाही. गोधडीला आमच्या भागात वाकळ म्हणतात. लुगडं विरलं की त्यातल्या धडक्या भागाची बाळासाठी कुंची व्हायची, दुपटी व्हायची. उरलेलं थरावर थर घालून वाकळीत जायचं. कडेने धावदोरा घालत घालत ती आत सरकायची, दुपारच्या दुपार. वाकळ फाटली की तिचं पोतेरं, आणि पोतेऱ्याच्याही चिंध्या झाल्या की काकडा. एका लुगड्याला इतके जन्म असत. तिच्या त्या वाकळीखाली मी अजून झोपते. थंडीत ती अंगावर ओढली की एका चौकोनात तिचं हिरवं लुगडं हाताला लागतं.

कागदावर टिकलेल्या बारा नोंदींतली एक मुलाच्या सायकलची होती. तो महिना त्याने कसा काढला ते मी बघितलं आहे. शाळेतून येताना दुकानाच्या काचेला नाक लावून उभा राहायचा. टायरची मापं पाठ केली, घंटी कोणती बसवायची यावर मित्रांशी भांडला. सुट्टीतल्या सहलींविषयी दीड हजारांवर डच लोकांचा एक अभ्यास २०१० मध्ये आला होता. सहलीला जाणारे लोक न जाणाऱ्यांपेक्षा जास्त सुखी दिसले ते जायच्या आधी. परत आल्यावर बहुतेकांच्या बाबतीत दोन्ही गट सारखेच होते. म्हणजे वाट बघण्यातच बरंचसं सुख मिळून जातं. ती सायकल दहा मिनिटांत दारात आली असती तर त्याचा तो अख्खा महिना आम्हीच त्याच्याकडून काढून घेतला असता.

सासूबाईंनी यंदा वाकळ शिवायला घेतली आहे. माझ्याच जुन्या सुती साड्या, कॉटवर पसरलेल्या. सुईत दोरा मुलगा ओवून देतो. परवा कागदावर त्यांच्या थरथरत्या अक्षरात नवी नोंद दिसली: पांढरं रीळ, मोठं. तारीख घातलेली, किंमतही. मी म्हटलं, “आई, रिळाला कशाला महिना थांबायचं? आजच आणते.”

“असू दे गं,” त्या म्हणाल्या. “तुझी ती निळी साडी अजून विरायची आहे.”